गोष्ट रेकॉर्ड करायला जाताना हुंकार देणारं माणूस सोबत न्या

मी बँकेत होते. नोकरीची शेवटची सात वर्षं गुजरातच्या छोटा उदेपूर भागातल्या कवांटला काढली. आठवडाभर तिथे एका भाड्याच्या खोलीत आणि सुट्टीला वडोदऱ्यात, दांडिया बाजारच्या घरी. पासबुक भरून घ्यायला येणाऱ्या राठवा आदिवासी बायकांचं काम दहा मिनिटांत उरकायचं, पण जीप भरल्याशिवाय सुटत नसे, म्हणून त्या बाकावर बसून राहायच्या. तिथेच एका म्हातारीकडून मी पहिली गोष्ट ऐकली. सात भाऊ आणि त्यांची एक बहीण. भाऊ एकामागून एक घर सोडून जातात आणि प्रत्येक भाऊ ज्या झाडाखालून गेला ते झाड ती नाव घेऊन सांगते: मोह, साग, टेंभुर्णी, पळस, ताड. गोष्ट चाळीस मिनिटं चालली. मी जेवणाचा डबा न उघडताच परत खिडकीवर बसले.

निवृत्त झाल्यावर मी अशा गोष्टी रेकॉर्ड करून ठेवायचं काम नेमाने सुरू केलं. आता माझ्या वहीत एकशे चाळीसच्या वर नोंदी आहेत. ओळखीतली मराठी मंडळी विचारतात, आम्हाला डांगात, धडगावला, झाबुआकडे असंच करायचंय, सुरुवात कशी करू? त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मशीन कोणतं घ्यायचं हे सगळे आधी विचारतात. मी ते नंतर सांगणार आहे, कारण माझी पहिली फजिती मशीनमुळे झालेलीच नव्हती.

झालं असं. मी नवा रेकॉर्डर घेऊन त्या म्हातारीच्या घरी गेले. तिला मी मा म्हणायचे. बँकेत सांगितलेली तीच गोष्ट सांग, म्हटलं. रेकॉर्डिंगमध्ये माझा आवाज यायला नको म्हणून तोंड मिटून बसले, मान हलवायचीसुद्धा चोरी. मा सांगू लागली आणि सहा मिनिटांत गोष्ट संपली. सातही भाऊ एकाच वाक्यात घराबाहेर पडले. एकाही झाडाचं नाव आलं नाही. मग मा माझ्याकडे वाकून बघत म्हणाली, ‘बेन, झोपलीस का?’

पुढच्या खेपेला तिची नात घरी होती, तेव्हा अकरावीत असलेली. ती चुलीपाशी बसून दर वाक्याला ‘हूं’ म्हणत होती, मधूनच ‘पसे?’ म्हणजे ‘मग?’ विचारत होती. तीच गोष्ट बावन्न मिनिटं चालली. मोह आला, साग आला, आणि बँकेत न आलेलं एक खैराचं झाडही आलं.

गुजरातीत याला हुंकारो म्हणतात. कोण कसा हुंकारो देतं यावर गोष्ट किती वाढणार ते ठरतं. आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. आपल्या आदितवारच्या कहाणीत राणीला कहाणी सांगायची असते, तर ती आधी ऐकणारं माणूस शोधते, नगरात कोणी उपाशी आहे का म्हणून डांगोरा पिटायला लावते, हातातल्या सहा मोत्यांतले तीन त्याला देते, आणि मग तिने मनोभावे सांगितली, त्याने चित्तभावे ऐकली. मोती अर्धे-अर्धे वाटले जातात. माझी आजी दर श्रावणात हे वाचायची आणि मी साठ वर्षांची होईपर्यंत मला त्यातला वाटा दिसला नव्हता.

म्हणून पहिली गोष्ट: एकटं जाऊ नका. त्या घरातलं, त्या फळियातलं (म्हणजे वाडीतलं), त्यांचीच बोली बोलणारं कोणीतरी समोर बसवा. नातवंड मिळालं तर सर्वांत उत्तम. जमल्यास दोन माइक ठेवा, एक सांगणाऱ्यापाशी आणि एक हुंकारो देणाऱ्यापाशी. एकच असेल तर दोघांच्या मध्ये, जरा सांगणाऱ्याकडे सरकवून. ‘हूं’ कापून रेकॉर्डिंग स्वच्छ करायचा सल्ला मला एका जाणकाराने दिला होता. तो ऐकू नका. ‘हूं’ हा त्या गोष्टीचा ठेका आहे.

वेळ ही दुसरी बाब. दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो, असं मा म्हणायची. बँकेत दुपारी कशी सांगितलीस, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, तिथे कुठे ऊन दिसत होतं. एरवी तिच्या घरी दिवे लागल्यावरच जायचं. मक्याची कापणी, मळणी आटोपल्यावर थंडीत शेकोटी पेटली की माणसं बसतात. पण याच दिवसांत फळियं रिकामी असतात हेही खरं. दिवाळी झाली की कितीतरी घरं कामासाठी सौराष्ट्रात, सुरतेकडे, आपल्या वडोदऱ्यात निघून जातात, ती होळीला परततात. होळीच्या आधीचा भोंगऱ्याचा हाट आणि नंतरचा कवांटचा गेरचा मेळा, या दिवसांत सगळे घरी असतात. तेव्हा गोष्ट मागू नका, ढोल वाजत असतो. ओळखी करून घ्या आणि पुढच्या वेळा ठरवून या.

आणि वडोदऱ्यात राहणाऱ्यांनी एवढ्या लांब जायलाही नको. भायली, वासणा, गोत्री इथे ज्या इमारती उठताहेत, तिथे विटा उचलणाऱ्यांत छोटा उदेपूर, दाहोद, आलीराजपूरकडची माणसं किती आहेत ते संध्याकाळी सात वाजता जाऊन बघा. तीन विटांच्या चुलीवर रोटला भाजला जात असतो आणि पोरं भोवती बसलेली असतात. माझ्या वहीतल्या बावीस नोंदी अशा साइटवरच्या आहेत. तिथे आधी मुकादमाशी नाही, बायकांशी बोला. मुकादमाने बोलावून बसवलेलं माणूस तुम्हाला सरकारी समजून जे हवं असेल ते सांगतं.

आता परवानगीबद्दल, आणि इथे मी सावकाश लिहिणार आहे.

राठवांच्या घरात ओसरीच्या आतल्या भिंतीवर पिठोरा, म्हणजे देवाचं भित्तिचित्र, लिहिलेला असतो. लिहिलेला, काढलेला नाही, ते असंच म्हणतात, आणि जो लिहितो तो लखारा. घरात आजारपण आलं, पीक बुडालं, की बाबा पिठोरा या देवाची मानता, म्हणजे नवस, बोलतात. ती फेडताना कुमारिका भिंत शेणाने आणि पांढऱ्या मातीने सारवतात, रंग दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात, घोडे लिहिले जातात. मग बडवा, म्हणजे त्यांचा भगत, अंगात आल्यावर एकेका घोड्यापुढे उभा राहून हा कोण, तो कोण ते सांगतो. काही राहिलं असेल तर लखाऱ्याला भरावं लागतं. सोबत गाणं असतं. त्या गाण्यात सृष्टी कशी झाली इथपासूनची कथा आहे. ज्यांना लोककथा गोळा करायची हौस आहे, त्यांचं मन साहजिकच आधी तिकडे धावतं. माझंही धावलं.

एका घरधन्याने मला ते गाणं रेकॉर्ड करू दिलं. मी शहरात परतले. एका सांस्कृतिक कार्यक्रमाच्या आयोजकांनी ‘नमुना म्हणून चार मिनिटं’ मागितली. मी दिली. त्यांनी ती जेवणाच्या मंडपात लाउडस्पीकरवर लावली, लोक ताटं घेऊन रांगेत उभे असताना. त्या मंडपात वाढपी म्हणून जी मुलं होती, त्यांतला एक त्याच गावचा होता. त्याने घरी सांगितलं. पुढचे दोन पावसाळे मला त्या गावात पाणीसुद्धा कोणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं. मंडपवाल्यांचा दोष मी मोजत नाही. घरधन्याने ते मला दिलं होतं, पुढे द्यायला दिलं नव्हतं. लोकांची ठेव सांभाळण्यात जन्म गेलेल्या बाईकडून ही चूक झाली.

त्यानंतर मी पद्धत ठरवली. रेकॉर्डर सुरू करून, गोष्ट सुरू होण्याआधी, त्यांच्याच बोलीत विचारायचं आणि उत्तर त्यातच साठवायचं. अंगठ्याचा कागद घेऊ नका. कागदावर अंगठा दिला की जमीन जाते, हे त्या भागात पिढ्यान्पिढ्या पाहिलेलं आहे. विचारायचं एवढंच: हे कोणी ऐकलं तर चालेल? फक्त तुमच्या घरच्यांनी, गावाने, की सगळ्यांनी? वर्षातल्या ठरावीक दिवशीच ऐकायचं असं काही आहे का? तुमचं नाव सांगू का? आणि उद्या मन बदललं तर पुसून टाकू, हे आपण होऊन सांगायचं. तीन जणांनी मला पुसायला सांगितलं. मी त्यांच्यासमोर पुसलं. त्यातल्या एका दादांनी पुढच्या वर्षी स्वतः बोलावून दुसऱ्या चार गोष्टी दिल्या.

कायद्याची बाजूही माहीत असू द्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सादर करणाऱ्याचा हक्क आहे, गाणाऱ्याचाही, आणि तो पन्नास वर्षं टिकतो. रेकॉर्डर तुमचा म्हणून गाणं तुमचं होत नाही.

पैसे द्यावेत का, हा प्रश्न शहरातले लोक चाचरत विचारतात. द्यावेत. त्या दिवशी कामावर गेले असते तर जी मजुरी मिळाली असती तेवढी, आधी सांगून, सगळ्यांसमोर. गोष्टीला किंमत लावली असं होत नाही, त्यांची संध्याकाळ तुम्ही घेतलीत त्याचे ते आहेत.

मशीन. तुमच्या हातातला फोन पुरतो. फक्त त्याच्या नेहमीच्या रेकॉर्डरमध्ये आवाज दाबून साठवला जातो, तो न दाबता वेव्ह फाइलमध्ये साठवणारं ॲप घ्या. अठ्ठेचाळीस किलोहर्ट्झ, चोवीस बिट हे माप ठेवा. दोन माइकचं असं एक तासाचं रेकॉर्डिंग साधारण एक जीबी होतं, म्हणजे बत्तीस जीबीच्या कार्डात तीस तास मावतात. फोन फ्लाइट मोडवर. माइक सांगणाऱ्याच्या तोंडापासून एक वीत ते एक हात, आणि फोन कधीही जमिनीवर थेट ठेवू नका, घडी केलेल्या गोधडीवर ठेवा, नाहीतर कोणी शेजारून चाललं तरी धप्प धप्प येतं. पंखा असेल तर बंद करायची विनंती करा. शेळ्या, कोंबड्या, चूल, पावसाची कौलांवरची सर, हे येऊ द्या. वीस वर्षांनी तुम्हाला त्याचंच मोल वाटेल.

सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि कोण कोण बसलंय ते बोला. फाइलचं नाव हरवेल, हे हरवत नाही.

वही हे माझं खरं हत्यार. बँकेत लेजरमध्ये एक ओळ चुकली तर संध्याकाळी घरी जायला मिळत नसे, ती सवय इथे कामी आली. प्रत्येक नोंदीला: तारीख आणि वेळ, गाव आणि फळियं, सांगणाऱ्याचं नाव त्यांनी सांगितलं तसं, वय त्यांच्या अंदाजाने (‘मोठा दुष्काळ पडला तेव्हा मी शेळ्या वळायचे’ असं उत्तर आलं तर तसंच लिहा), ऐकणारे कोण, मध्ये काय व्यत्यय आला, परवानगी कोणत्या प्रकारची. आणि एक रकाना जो मी फार उशिरा वाढवला: ही तुम्ही कोणाकडून ऐकली?

तो रकाना पहिल्या दिवसापासून ठेवा. बायकांना विचाराल तर बहुतेक वेळा उत्तर येतं, माहेरी, अमुक मावशीकडून, तमुक गावात. लग्न होऊन मुलगी डोंगर ओलांडून आली की तिच्याबरोबर गोष्टही येते. मा सांगायची ती सात भावांची गोष्ट तिच्या आईची, आणि आई मथवाडकडची, म्हणजे आज जो मध्य प्रदेश आहे तिकडची. माझ्या वहीतून असे धागे जोडत गेले तर गोष्टींचा नकाशा आणि सोयरिकींचा नकाशा जवळजवळ एकच निघतो. पुरुषांकडे गेलात तर तुम्हाला देवांच्या आणि राजांच्या कथा मिळतील. बायकांकडे न जाता परत आलात तर अर्धं गाव राहिलं म्हणून समजा. मांडवातली गाणी, उखाणे, मुलांना झोपवायच्या कथा, मेलेल्या माणसाच्या आठवणीचं रडणं, हे त्यांच्याकडे आहे. ते रडणं मात्र कधीही मुद्दाम मागू नये.

उतरवून काढणं हे सगळ्यांत कष्टाचं आहे. एक मिनिटाला मला अर्धा तास लागतो, अजूनही. एलान नावाचं एक मोफत सॉफ्टवेअर आहे, नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेचं. त्यात आवाजाच्या पट्टीखाली ओळीओळीने मजकूर भरता येतो: वरची ओळ बोलीत, खालची अर्थाची. संगणक नको असेल तर वहीची दोन पानं समोरासमोर घ्या. पण लिहायला बोली बोलणारं माणूस शेजारी हवंच. पहिल्या गोष्टीत मी ‘हात भाई’ असं ऐकलं आणि दोन पानं भावांच्या हाताबद्दल काहीतरी आहे असं धरून चालले. नात हसायला लागली. राठवांच्या बोलीसारख्या भिली बोल्यांत आपल्या ‘स’चा ‘ह’ होतो, ‘च’चा ‘स’ होतो. हात म्हणजे सात. सार म्हणजे चार. म्हणून कानाला आलं तसंच लिहा, गुजराती किंवा मराठी वळणावर नेऊन ‘शुद्ध’ करू नका. लिपी कोणती, हे तिथल्या शिकलेल्या मुलांना ठरवू द्या. छोटा उदेपूरकडे ती बहुधा गुजराती असते, कारण शाळा गुजराती. मी देवनागरीत लिहिते ते फक्त माझ्या प्रतीत.

ब्रिटिश काळातला अधिकारी ग्रियर्सन याच्या भाषा सर्वेक्षणाचा भिली बोल्यांचा खंड १९०७ मध्ये निघाला. तो चाळताना मला एक खटकलं. सर्व बोल्या एकमेकींशी ताडून पाहता याव्यात म्हणून त्याने मुख्य नमुना सगळीकडे एकच ठेवला, बायबलातल्या उधळ्या मुलाचा दृष्टांत. व्याकरणासाठी ते सोयीचं होतं. पण आपण तसं करू नये. ‘मला तुमच्या भाषेत अमकी गोष्ट सांगा’ असं म्हणालात की भाषा मिळते, माणूस मिळत नाही. त्यांना काय सांगावंसं वाटतं ते विचारा. साबरकांठ्यात खेडब्रह्माच्या बाजूला भगवानदास पटेल वर्षानुवर्षं डुंगरी भिलांत जात राहिले म्हणून तिथली महाकाव्यं आज छापलेली आहेत. प्रश्नावली घेऊन एका दिवसात ती मिळाली नसती.

साठवण. माझी अकरा रेकॉर्डिंगं एका हार्डडिस्कबरोबर गेली. त्यात एका दादांच्या तीन गोष्टी होत्या, जे त्याच उन्हाळ्यात वारले. डिस्क दुरुस्तीवाल्याने पंधरा दिवस ठेवून परत दिली. तेव्हापासून प्रत्येक फाइलच्या तीन प्रती: एक माझ्या संगणकात, एक वेगळ्या घरात ठेवलेल्या डिस्कवर, आणि एक गावात. दर दिवाळीच्या साफसफाईत मी सगळ्या डिस्क लावून, प्रत्येकीतली चार-पाच रेकॉर्डिंगं ऐकून बघते.

गावातली प्रत सर्वांत महत्त्वाची. मेमरी कार्डवर घालून सांगणाऱ्याच्या घरच्या फोनमध्ये टाकून द्या. महिन्याभरात ती आजूबाजूच्या फळियांत पसरलेली असते. सगळ्यांनी ऐकलं तर चालेल असं ज्यांनी सांगितलंय, त्यांच्या प्रती एखाद्या संस्थेत द्या. आपल्या वडोदऱ्यात भाषातज्ज्ञ गणेश देवींनी १९९६ मध्ये सुरू केलेलं भाषा संशोधन केंद्र आहे, आणि त्यांचीच तेजगडची आदिवासी अकादमी. तिथलं ‘वाचा’ संग्रहालय हे काम सुरू करण्याआधी एकदा बघून या. वाद्यं, मातीचे घोडे, आवाज. वडोदऱ्याहून छोटा उदेपूरच्या गाडीने जाता येतं. सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये राज्यभर शिक्षण सक्तीचं केलं, १९१० पासून गावोगावी ग्रंथालयं पोचवली, याचा आपण वडोदरेकर मराठी माणसं अभिमान बाळगतो, मीही बाळगते. पण ज्यांचं ज्ञान कागदावर नव्हतंच त्यांच्यासाठी कपाट कोणी केलं नव्हतं. २०११ च्या जनगणनेत भिली सांगणारे एक कोटीहून जास्त आहेत आणि तरी ही भाषा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. शाळेत घरची बोली बोलल्याबद्दल माच्या नातीला वर्गाबाहेर उभं केलेलं आहे. ती शाळा कोणती हे लिहीत नाही, कारण अशी ती एकच नाही.

म्हणून रेकॉर्ड केलेलं परत नेऊन ऐकवा. वर्षातून दोनदा मी स्पीकर घेऊन जाते. अंगणात चादर टाकायची, पाऊण तास लावायचं. बहुतेक वेळा दहाव्या मिनिटाला कोणीतरी म्हणतं, असं नाही ते, माझ्या आईकडे वेगळं होतं. लगेच स्पीकर बंद करा आणि रेकॉर्डर चालू करा. माझ्या निम्म्या नोंदी अशाच आल्या. कोणतं बरोबर यावर निवाडा देऊ नका, दोन्ही नोंदवा.

गेल्या हिवाळ्यात भायलीच्या एका साइटवर गेले होते. मा आता नाही. तिची नात लग्न होऊन नवऱ्याबरोबर तिथे कामाला आली होती, कडेवर मूल. अंधार पडल्यावर पोरं गोळा झाली आणि तिने सात भावांची गोष्ट काढली. मी नेहमीप्रमाणे फोन गोधडीवर ठेवला. पण मोह आला नाही, साग आला नाही. पहिला भाऊ तेजगडला उतरला, दुसरा पावीला, तिसरा बोडेलीला, चौथा डभोईला, असे करत सातवा प्रतापनगरला. बहीण प्रत्येक फाटकावर उभी राहून गाडी बघत होती. क्षणभर मला झाडांची आठवण करून द्यावीशी वाटली. मी दिली नाही. ‘हूं’ म्हणाले.

घरी येऊन वहीत नवा क्रमांक घातला. कोणाकडून ऐकली: आजीकडून. ऐकणारे: सात मुलं, एक चौकीदार, मी. कालावधी: एकेचाळीस मिनिटं. परवानगी: सगळ्यांना.